चांदणीखाली दडलेली किंमत

प्रश्न : वर्तमानपत्रातून आमच्या घरी एक हँडबिल आले. ‘फक्त ९९९ रुपयांत ३० दिवसांचा वजन घटवण्याचा कोर्स’ असे त्यावर ठळक मराठीत छापले होते. गुडघेदुखीमुळे डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितले असल्याने मी पैसे भरले. दुसऱ्या दिवशी कोर्सच्या केंद्रात शरीरतपासणीचे २,५०० रुपये घेतले आणि पावडरचे तीन डबे घेतल्याशिवाय कोर्स सुरूच होत नाही, असे सांगितले. डब्यावर चिकटवलेल्या पांढऱ्या लेबलवर ३,२०० रुपये किंमत आहे. असे एकूण १३,०९९ रुपये गेले; पावती मात्र ९९९ रुपयांचीच मिळाली आणि तिच्यावर ‘फी परत मिळणार नाही’ असा शिक्का आहे. बाकीचे पैसे मी मोबाइलवरून पाठवले. घरी येऊन पाहिले तर हँडबिलाच्या तळाशी, चांदणीपुढे (*), उत्पादनांची किंमत वेगळी असल्याची बारीक इंग्रजी ओळ होती. एक डबा उघडला आहे, दोन बंद आहेत. शेजारच्या दोघींचेही असेच झाले. घरचे म्हणतात, तू नीट वाचले नाहीस, चूक तुझीच. पैसे परत मिळतील का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : चूक तुमची नाही, हे आधी घरच्यांना सांगा. ज्या रकमेत कोर्स सुरूच होत नाही, ती रक्कम त्या कोर्सची किंमत असू शकत नाही. ती फक्त ग्राहकाला दारापर्यंत आणण्यासाठी छापलेली असते. अमेरिकेतही १९९० च्या दशकात तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने वजन घटवणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर, सक्तीचा खर्च जाहिरातीतील किमतीत न दाखवल्याबद्दल कारवाई केली होती.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेली मार्गदर्शक तत्त्वे तर तुमच्या हँडबिलाला नेमकी लागू पडतात : तळटीप मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच प्रकारच्या अक्षरांत (फाँटमध्ये) असली पाहिजे, आणि मुळात दिशाभूल करणारा दावा तळटीप देऊन दुरुस्त करता येत नाही. दावा मराठीत आणि अट बारीक इंग्रजीत, एवढ्यावरूनच ती चांदणी कोर्स चालवणाऱ्या केंद्राच्या बचावाला पुरणार नाही.

‘फी परत मिळणार नाही’ या शिक्क्यालाही घाबरू नका. असा शिक्का मारल्याने तक्रारीचा हक्क संपत नाही. घेतलेल्या पैशांची पावती न देणे हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच आहे, त्यामुळे मोबाइलवरील व्यवहारांचे तपशील आणि बँकेचा उतारा काढून ठेवा. उघडलेल्या डब्याचे पैसे मिळतीलच, असे मी सांगणार नाही. बंद डबे, तपासणी आणि फी यांसाठी मात्र ठाम मागणी करावी.

डब्यावरचे लेबल मला विशेष महत्त्वाचे वाटते. डबा उजेडात धरून लेबलाखाली छापलेली मूळ कमाल किरकोळ किंमत दिसते का, ते पाहा. लेबल खरवडू नका, चारही बाजूंनी छायाचित्रे घ्या. छापील किंमत कमी करण्यासाठी लेबल लावता येते, वाढवण्यासाठी नाही. खालची किंमत कमी निघाली, तर जिल्ह्यातील वैध मापन शास्त्र विभागाकडे (वजन-मापे आणि छापील किमती तपासणारे सरकारी खाते) वेगळी तक्रार करता येईल. या पावडरीच्या डब्यावर लिहिलेले घटक तुमच्या गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढचा चमचाही घेऊ नका.

कोर्सच्या केंद्राला आधी लेखी पत्र द्या, त्यात रकमा तारखेनिशी लिहा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपा. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. तरीही न जमल्यास सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, जाता येते. मोबदला, म्हणजे तुम्ही भरलेली रक्कम, पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील असलाच पाहिजे असेही नाही.

शेजारच्या दोघींनाही सोबत घ्या. तुम्हा तिघींचे पैसे परत मिळवून देण्याचे काम आयोगाचे आहे, पण ते हँडबिल उद्याही कुणाच्या तरी दारात पडणार आहे, आणि ते थांबवण्यासाठी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार करता येते. ती करताना हँडबिलाची मूळ प्रत देऊ नका, झेरॉक्स द्या. मूळ प्रतीच्या मागे ते कोणत्या तारखेला, कोणत्या वर्तमानपत्रातून आले, ते आजच लिहून ठेवा.