दाखला, दाखल आणि दाखवणे

प्रश्न असा आला आहे: ‘जन्मदाखल्यावर असते तेच कायदेशीर आडनाव का? लग्नानंतर आडनाव बदलले तर दाखला बदलून मिळतो का? आणि दाखला व प्रमाणपत्र यांत फरक काय?’

आधी ‘दाखला बदलून घ्या’ हा प्रयोग थांबवायला हवा. सेतू केंद्रापासून शाळेच्या कचेरीपर्यंत तो सर्रास ऐकू येतो आणि लोकांना नको त्या खिडकीवर हेलपाटे घालायला लावतो. नोट बदलून मिळते, दाखला मिळत नाही. का, ते या शब्दातच आहे.

‘दाखला’ हा ‘दाखवणे’पासून आला, कारण तो दाखवायचा असतो, असे अनेक जण ठामपणे लिहितात. ते साफ चूक आहे. ‘दाखवणे’ प्राकृतातल्या ‘दक्खवइ’चे वंशज, म्हणजे पाहणे-दिसणे या कुळातले. ‘दाखला’ अरबीतून फारसीमार्गे आपल्या दफ्तरांत शिरला. त्याच्या मुळाशी ‘आत जाणे’ हा अर्थ आहे. रुग्णालयात दाखल होणे, गुन्हा दाखल करणे, दखल घेणे, कुळाला बेदखल करणे, ही सगळी त्याचीच भावंडे. वहीच्या आत गेलेली नोंद म्हणजे दाखला. हातात मिळणारा कागद त्या नोंदीचा उतारा असतो. म्हणूनच आपण दाखला ‘काढतो’, जसा सातबारा काढतो. आत गेलेलेच बाहेर काढता येते!

मग ‘इतिहासाचा दाखला देणे’ कुठून आले? इथे ‘दाखवणे’चा रंग चढला असे म्हणणाऱ्यांशी माझे निम्मेच जमते. माझ्या मते मूळ कल्पना दफ्तराचीच आहे. वतनाच्या तंट्यात जुन्या नोंदीकडे बोट दाखवायचे, तो दाखला. त्यावरून कुठलाही आधार, कुठलेही उदाहरण दाखला झाले. ध्वनीच्या साम्याने ‘दाखवणे’ जवळ आले ते नंतर. कोशांत ‘नोंद’ आणि ‘उदाहरण’ हे अर्थ एकाखाली एक सुटे छापून सोडून देतात आणि मधला दुवा वाचकाला कधीच सापडत नाही. एवढ्या सुंदर शब्दाला ही वागणूक बरी नव्हे.

कायदाही वहीलाच धरून चालतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९चा. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची. नाव ठरले नसेल तर रकाना कोरा ठेवून नोंद होते आणि कलम १४ खाली नाव मागाहून भरता येते: बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नोंद मुळातच चुकली असेल तर कलम १५. त्याची रीत फार बोलकी आहे. मूळ नोंदीत खाडाखोड न करता दुरुस्ती समासात लिहायची, खाली निबंधकाची सही आणि तारीख. (समास म्हणजे पानाची कड. व्याकरणातल्या समासाने घाबरू नये.) लेखनिकाची चूक निबंधकाची खात्री पटली की दुरुस्त होते. आशयाची चूक असेल, तर चूक काय आणि खरे काय हे सांगणारे, माहीतगार अशा दोन विश्वासार्ह व्यक्तींचे प्रतिज्ञापन लागते.

लग्नानंतरचे आडनाव यातल्या कशातच बसत नाही. जन्माच्या दिवशी जे खरे होते ते लग्नाने खोटे होत नाही, मग दुरुस्ती कशाची करणार? अर्ज परत येतो तो इथे. लग्नानंतर आडनाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचेच असेल तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली जाहिरात घ्यावी आणि ती जन्मदाखल्याला जोडून वापरावी. जुने नाव एका कागदावर, बदल दुसऱ्यावर, असा दुवा जुळतो. शिवाय २०२३च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी वगैरेंसाठी हा दाखला पुरावा ठरतो, पण कशाचा? जन्माची तारीख आणि जन्माचे ठिकाण यांचा. त्या वाक्यात आडनाव नाही.

‘प्रमाणपत्र’ हा ‘दाखल्या’चा शुद्ध मराठी पर्याय आहे, असे सांगणाऱ्यांशी माझे भांडण आहे. प्रमाणपत्रात अधिकारी स्वतःच्या सहीने एखादी गोष्ट खरी असल्याचे म्हणतो. दाखल्यात तो एवढेच म्हणतो की वहीत असे लिहिले आहे. कागदाच्या माथ्यावर ‘जन्म प्रमाणपत्र’ छापलेले असते, तरी आतला मजकूर वहीतूनच घेतलेला असतो. हा भेद मराठीत आयता असताना तो पुसून टाकायचा कशासाठी?

आडनावाबद्दलही ‘नावाच्या आड दडलेले नाव’ ही फोड फार फिरते आहे. इथला ‘आड’ आडपडद्यातला नव्हे, आडवाटेतला आहे: मुख्य वाटेला बाजूने फुटलेली ती आडवाट, मुख्य नावाला बाजूने जोडलेले ते आडनाव. शेजारची कन्नड पाहा. तिथे आडनावाला ‘अड्डहेसरु’ म्हणतात. अड्ड म्हणजे आडवे, हेसरु म्हणजे नाव. ही जोडी समोर असताना दडण्या-लपण्याची कथा टिकत नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचे नाव शासकीय कागदांत बाळ, आई, वडील आणि मग आडनाव अशा क्रमाने लिहायचे आहे. तिथेही आडनाव शेवटीच आले आहे.