फोन-इंटरनेटचं ट्रॅफिक मॉडेलिंग शिकताय? आधी एर्लांग

सिम्युलेटर आजच उघडू नका. आधी कागदावर एक गणित सोडवा: तासाला २०० कॉल, प्रत्येक सरासरी ३ मिनिटांचा, म्हणजे भार १० एर्लांग (एकाच वेळी सरासरी १० कॉल चालू). मग लाइनी १० पुरतील ना? बहुतेक नवखे इथेच फसतात. ज्यांच्या नावाचं हे एकक आहे त्या गणितज्ञ एर्लांगच्या १९१७ च्या बी सूत्रात (भार आणि लाइनी दिल्या की किती कॉलना लाइन मिळणार नाही ते सांगणारं) आकडे घाला. १० लाइनींवर सुमारे २१ टक्के कॉल सगळ्या लाइनी व्यस्त असल्याने परत जातात. हे प्रमाण १ टक्क्याच्या आत आणायला १८ लागतात. हे एकदा हाताने केलंत की नुसती सरासरी का पुरत नाही, ते पक्कं डोक्यात बसतं.

आणखी दोनच गोष्टी:

- मोजणी दिवसभराची नको, सर्वाधिक गर्दीच्या तासाची घ्या.
- प्वासाँ प्रक्रिया (एकमेकांशी संबंध नसलेल्या, यादृच्छिक आगमनांचं गणिती मॉडेल) कॉलना छान बसते, इंटरनेटच्या पॅकेट्सना डोळे झाकून लावू नका. ती झुंडीने येतात.

स्वसादृश्य (ट्रॅफिकची झुंड लहान-मोठ्या कुठल्याही कालावधीत सारखीच दिसणं) वगैरे सध्या बाजूला राहू द्या. अडलात तर आकड्यांसकट विचारा, नक्की सांगेन.