लॉगची फाइल सापडत का नाही?

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं केंद्र आहे. विंडोजवर क्रोम वापरते. एका संकेतस्थळावर 'सबमिट' दाबलं की पान कोरं पडतं. त्यांच्या मदत क्रमांकावर 'ब्राउझरचा लॉग पाठवा' एवढंच सांगतात. डाउनलोड्स, डेस्कटॉप, सगळं धुंडाळलं. ही फाइल असते कुठे?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ताई, तुमचं शोधण्यात काही चुकलेलं नाही. ती फाइल अजून तयारच झालेली नाही! लॉग म्हणजे ब्राउझरने आत काय घडलं, काय चुकलं याची ठेवलेली नोंद. क्रोम ती आपणहून फाइलमध्ये लिहीत नाही, त्याला सांगावं लागतं. लॉग मागणाऱ्याने एवढं तरी सांगायला हवं होतं. समोर माणसं रांगेत उभी असताना तुम्ही किती फोल्डर उघडत बसणार?

आधी सोपा उपाय करा. फॉर्मच्या पानावर एफ १२ दाबा, 'कन्सोल' (पानातल्या चुका दाखवणारा भाग) उघडा, तिथल्या सेटिंगमध्ये 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण करा आणि मग 'सबमिट' दाबा. लाल ओळी उमटतील. त्यांवर राइट क्लिक करून 'सेव्ह ॲज' केलं की फाइल तुम्ही म्हणाल तिथे जाते. पान कोरं पडण्याच्या तक्रारीला बहुधा एवढं पुरतं. मात्र टॅब बंद केलात की या ओळी गेल्या.

तेवढ्यावर भागलं नाही, तर क्रोम पूर्ण बंद करा. घड्याळाशेजारी त्याचं चिन्ह दिसत असेल तर तिथूनही. मग शॉर्टकटच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टार्गेट'च्या चौकटीत, शेवटच्या अवतरणचिन्हानंतर एक जागा सोडून इंग्रजीत '--एनेबल-लॉगिंग --व्ही=१' लिहा. सुरुवातीच्या रेघा दोन-दोन आहेत, तिथेच बहुतेकांचं चुकतं. आता त्याच शॉर्टकटवरून क्रोम उघडून फॉर्म भरा.

फाइलचा पत्ता असा : सी ड्राइव्ह, युजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, ॲपडेटा, लोकल, गूगल, क्रोम, युजर डेटा. त्यात 'क्रोम_डिबग.लॉग'. ॲपडेटा विंडोजने लपवलेलं असतं. 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर खूण केली की दिसतं. फाइल नोटपॅडमध्ये उघडते. ओळीत '०७१४/११३२०५' असं दिसलं तर १४ जुलै, ११ वाजून ३२ मिनिटं ५ सेकंद. तुम्ही 'सबमिट' कधी दाबलं ते कागदावर टिपून ठेवलंत, तर हजारो ओळींतून नेमकी जागा सापडते.

आणि हे विसरू नका : क्रोम पुन्हा सुरू झालं की जुनी फाइल पुसून नवी लिहिली जाते. माझ्याकडे आलेल्या एका दुकानदाराने बिघाड अचूक पकडला होता, पण मला दाखवायच्या उत्साहात क्रोम पुन्हा उघडलं आणि सगळं गेलं. म्हणून आधी फाइलची प्रत डेस्कटॉपवर काढा.

पाठवण्याआधी ती वाचाही. उघडलेल्या पानांचे पत्ते तिच्यात येतात आणि तुमच्या केंद्रात लोक आधार, बँक असं सगळं विश्वासाने उघडतात. चाचणी एकाच फॉर्मची करा, दुसऱ्या कुणाचं काम तेव्हा घेऊ नका. झालं की 'टार्गेट'मधला तो मजकूर काढून टाका.