फौजी भाऊ, सिव्हिलची हौस नेमकी कोणाची?

हवालदार साहेब, नमस्कार.

तुमचं दोन पानी पत्र मिळालं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही मूर्तिजापूर तालुक्यातले, बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्कराच्या इंजिनियर दलात) 24 वर्षं काढून हवालदार म्हणून रिटायर झालात, वय 43, शिक्षण बारावी, सध्या अकोल्यात एका बँकेत गनमॅन. पोराला बारावी सायन्सला 58 टक्के, सीईटीत जेमतेम. प्रश्न असा की मॅनेजमेंट कोट्यातून 12 लाख भरून त्याला सिव्हिल इंजिनियरिंगला घातलं तर तो मोठ्या कन्स्ट्रक्शन कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होईल का. जाताजाता स्वतःच्या नोकरीचं पण विचारलंत, बायोडाटा जोडलात.

मला मार्कांची काही काळजी नाही वाटली बघा. 58 टक्केवाले भरपूर आहेत अन् बरे कमावतात. काळजी वाटली ती तुम्ही सहज लिहून गेलात त्या ओळींची. ‘रोज पाचला उठवतो, पळायला नेतो, मोबाईल काढून घेतला आहे, सध्या बोलणं बंद आहे, आई मधात पडते म्हणून बिघडला.’ अहो भाऊ, बोलणं बंद असलेल्या पोराच्या नावावर तुम्ही रिटायरमेंटचे 12 लाख लावायला निघालात, अन् त्याला स्वतःला काय पाहिजे याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. दोन पानांत लेह आहे, तवांग आहे, बर्फात डोझर कसा चालू केला ते आहे, तुमचे कंपनी कमांडर आहेत, अन् पोट्टं कुठं आहे तर शेवटी अर्ध्या ओळीत, ‘दिवसभर मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसून टाइमपास करतो.’

टाइमपास काहून म्हणता बाप्पा? रब्बीत लाइन कमीजास्त झाली की आपल्याकडं विहिरीवरच्या मोटरी जळतात, मग ती मोटर खोलायची, जळकी तार काढायची, तारेचा गेज (जाडी) बघायचा, वेढे मोजून तेवढेच परत घालायचे, वार्निश मारून सुकवायची अन् गहू सुकायच्या आत कास्तकाराच्या हाती द्यायची. अठरा वर्षाचं पोरगं कोणी न सांगता हे शिकायला रोज जाऊन बसतंय, अन् घरात त्याला आळशी म्हणतात. बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात इलेक्ट्रिकलला ॲडमिशन मिळते, नाही जमलं तर आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, पुढं त्याला वाटलं तर डिप्लोमावरून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं. एनडीए, सीईटी रिपीट वगैरे त्यानं स्वतः म्हटलं तरच. त्याच्यापुरतं माझं उत्तर एवढंच.

12 लाखांचं पण ऐकून घ्या. डिग्री घेऊन पोरगा साइटवर गेला की प्रोजेक्ट मॅनेजर होत नाही, ट्रेनी होतो, लेव्हल धरतो, काँक्रीट तपासायचे क्यूब (ठोकळे) भरतो, रात्रीच्या काँक्रीटला उभा राहतो, आणि ज्याला मनापासून हे आवडत नाही तो दोन वर्षात स्पर्धा परीक्षेच्या लायब्ररीत जाऊन बसतो. असे सिव्हिलवाले आपल्या अमरावती-अकोल्यात गल्लोगल्ली भेटतील.

आता तुमच्याबद्दल. सिव्हिलची हौस पोराची नाहीच, तुमची आहे, अन् ती चांगली हौस आहे. मग तुम्हीच का नाही करत?

तुमच्या जवळूनच 53 नंबरचा हायवे जातो. जून 2022 मध्ये तिथं लोणी ते माना 75 किलोमीटरची एक लेन डांबराची 105 तास 33 मिनिटांत झाली, गिनीजमध्ये नोंद झाली, 720 माणसं राबली. अशा कामात डिझाइनपेक्षा मोठी डोकेदुखी काय असते ते तुम्हाला सांगायला नको. माल प्लांटवरून गरम निघाला पाहिजे अन् थंड व्हायच्या आत पेव्हरपाशी (डांबर पसरणाऱ्या मशीनपाशी) पोचला पाहिजे, टिप्परची रांग तुटली नाही पाहिजे, शिफ्ट बदलताना रोलर उभा राहिला नाही पाहिजे, डिझेल, जेवण, ऑपरेटरची झोप सगळं वेळेत. माणसं, मशीन, माल. तुम्ही 24 वर्षं दुसरं काय केलं? केरळात वायनाडला 2024 मध्ये दरड कोसळल्यावर आपल्या नगरकडच्या मेजर सीता शेळकेंच्या टीमनं 190 फुटी बेली ब्रिज (लोखंडी पॅनल जोडून उभा करायचा पूल) टाकला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण दहा फुटी पॅनल सहा जणांनी उचलून भोकाला भोक जुळवून पिन बसवायला कोणीतरी हवालदार ओरडत उभा असतो ना, तो माणूस साइटवर सोन्याच्या भावानं जायला पाहिजे.

जात नाही, कारण तो आपला बायोडाटा आर्मीच्या भाषेत लिहितो. तुम्ही जोडलेल्या कागदावर ‘एनसीओ इंचार्ज, प्लांट, फील्ड कंपनी’ एवढंच आहे. कंपनीच्या एचआरमध्ये बसलेल्या पोरीला त्यातून काय समजणार? तिथं असं पाहिजे की किती फुटाचा पूल, किती माणसं हाताखाली, किती दिवस ठरले होते अन् किती लागले, कोणत्या मशीन, ब्रेकडाउन झाल्यावर काय केलं, एकही माणूस जखमी न होता काम झालं का. युनिटचं नाव, जागा अन् गोपनीय काही टाकू नका, बाकी आकडे येऊ द्या.

एक गैरसमज मात्र आज काढूनच टाका. तुम्ही लिहिलंय, ‘माझ्याकडे आर्मीचं ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट आहे, म्हणजे मी पदवीधरच, तरी कंपन्या विचारत नाहीत.’ भाऊ, ती डिग्री नाही. दहावी पास अन् 15 वर्षं सर्व्हिस झालेल्या माजी सैनिकाला ग्रुप सीच्या ज्या सरकारी पोस्टला ग्रॅज्युएशन मागतात, अन् जिथं टेक्निकल अनुभवाची अट नाही, तिथं पात्र धरायची ती सवलत आहे. तिथं ती खूप कामाची आहे. पण प्रायव्हेट कंपनीला ती बंधनकारक नाही, तिच्यावर एमबीए होत नाही, अन् तिच्या जोरावर ‘बीए’ लिहिलं तर कागद तपासताना तुम्ही खोटे ठरता, चूक काही नसताना. खरी डिग्री पाहिजे तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, नोकरी करता करता बीए, बीकॉम होतं. आणि हे सर्टिफिकेट बायोडाटात त्याच्या खऱ्या नावानं लिहा.

पटणार नाही असं अजून एक सांगते. कर्नल साहेब रिटायर झाले की कंपनी त्यांना थेट जनरल मॅनेजर करते, ते बघून तुम्ही तीच खुर्ची डोळ्यापुढं ठेवलीय. त्यांच्यातल्या इंजिनियर्स कोअरवाल्यांकडं बहुतेक वेळा पुण्यात दापोडीच्या सीएमईची (लष्कराच्या इंजिनियरिंग कॉलेजची) डिग्री असते. तुमचा रस्ता लांबचा आहे, सुपरवायझर किंवा प्लांट-मशिनरी इंचार्जपासून. मोठ्या कंपनीपेक्षा आधी आपल्याकडचे मधले कॉन्ट्रॅक्टर बघा, जे रस्ते, बंधारे, पाण्याच्या टाक्या करतात. टेंडरच्या कागदावर डिग्री-डिप्लोमावाला इंजिनियर लागतोच, त्यात तुमचं नाव येणार नाही, पण चार साइट चालू असताना मालकाला विश्वासाचा माणूस पाहिजे असतो, अन् तो डिग्री कमी अन् डिझेलचा हिशोब जास्त बघतो. चालवता आलं तर तिथं चार-पाच वर्षात कन्स्ट्रक्शन मॅनेजर होता येतं.

तुमचं कच्चं काय आहे ते पण ऐका, पैसा. युनिटमध्ये इंडेंट (मागणीचा कागद) टाकला की सिमेंट यायचं. इथं प्रत्येक बॅग कोणाच्या तरी खिशातून येते. बीओक्यू (कामं, मापं अन् दरांची यादी) वाचता आला पाहिजे, एमबीत (मापाच्या वहीत) माप कसं चढतं, आरए बिल (काम चालू असताना टप्प्यानं निघणारं बिल) कसं बनतं, रिटेन्शन (बिलातून रोखून ठेवायची रक्कम) किती कापतात, एक्स्ट्रा आयटमची (करारात नसलेल्या कामाची) मंजुरी आधी घ्यायची की नंतर, हे येत नसेल तर माणूस कितीही कडक असू द्या, तो फोरमनच राहतो. साइटवर जो बिलिंगवाला पोरगा असतो ना, वयानं तुमच्या अर्धा, त्याच्याजवळ बसून शिका, अन् एक्सेल घरी शिका. पीएमपीचं (प्रोजेक्ट मॅनेजरच्या आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटचं) विचारलंत, त्याला डिग्री नसली तरी चालते, पण 35 तासांचं ट्रेनिंग अन् पाच वर्षं प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, फी पण भारी आहे. सध्या नको. सिव्हिल साइटवर दोनतीन वर्षं झाली की बघू.

दुसरं कच्चं म्हणजे हुकूम. मेळघाटातले कोरकू मजूर होळीला गावी जातात म्हणजे जातात, तुम्ही कितीही ओरडा. मुकादमाशी आधी बोलून ॲडव्हान्स, परतायची तारीख अन् स्लॅबचं शेड्यूल तिन्ही जुळवणारा तो मॅनेजर. परेडच्या आवाजात हे होत नाही (घरी पण होत नाही, ते तुम्ही बघताय).

पण एका ठिकाणी तुमचा आवाज लागेल. 1 ऑगस्ट 2023 ला शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाच्या कामात गर्डर लाँचर (पुलाचे जड तुकडे उचलून बसवणारं मशीन) कोसळला अन् 20 माणसं गेली. साइटवर काम घाईत असतं, वरून फोन येत असतात, अशा वेळी ‘जोपर्यंत मी चेक करत नाही तोपर्यंत उचलायचं नाही’ म्हणणारा माणूस लागतो. मुलाखतीत तुम्ही काम कधी थांबवलं होतं ते सांगा, अन् का ते सांगा.

बँकेची नोकरी लगेच सोडू नका. डिस्चार्ज बुक, ट्रेड सर्टिफिकेट, डोझरचं लायसन्स काढून ठेवा, मी म्हटलं तसा बायोडाटा एका पानात नव्यानं लिहा अन् पाठवा, मी बघून देते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलं नसेल तर ते पण करा. पोराचा मोबाईल आजच परत द्या, ॲडमिशनचे मेसेज त्याच्यावरच येतात.

आणि शेवटी विचारलेलं पीएम स्कॉलरशिपचं. माजी सैनिकांच्या मुलांना महिना 2,500, मुलींना 3,000 मिळतात, पण बारावीला 60 टक्के लागतात, 58 वर बसत नाही. गावात कोणी एजंट ‘करून देतो’ म्हणत असेल तर त्याला एक रुपया देऊ नका.