गाण्यातला ‘तू’ नेमका कोण?

“चांगले दिवस होते तेव्हा माणसांना तोटा नव्हता. आता फोनसुद्धा वाजत नाही. ती सगळी खोटीच होती का? आणि यापुढे खरी माणसं ओळखायची तरी कशी?”

धंद्यात बुडालेले, पद गेलेले, घटस्फोट झालेले, लांबच्या आजारातून उठलेले असे कितीतरी जण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. उत्तरादाखल मी इथे एका रॉक गायकाची गोष्ट सांगणार आहे. इतरांनी हा प्रश्न नुसता विचारला होता, या गृहस्थाने त्यावर अकरा गाणी केली होती. त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि नावाऐवजी त्याला गायकच म्हणते.

गायकाच्या बँडचा दुसरा अल्बम चालला आणि चारेक वर्षं सगळं भराभर घडत गेलं. महोत्सवात शेवटचा, म्हणजे मानाचा स्लॉट. साउंडचेकला दहा माणसं, कार्यक्रमानंतर ग्रीनरूममध्ये पन्नास. मग तिसरा अल्बम पडला. रेकॉर्ड कंपनीने पुढचा करार केला नाही. त्यातच त्याच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. शस्त्रक्रिया झाली, आधी पूर्ण मौन, नंतर कितीतरी आठवडे मोजूनमापून बोलणं. तो गप्प असताना बँड विस्कटला. ड्रमर दुसरीकडे वाजवू लागला, बेस गिटार वाजवणारा बेसिस्ट आधीच दुरावला होता, आणि मॅनेजरने एका नव्या पोराला हाताशी धरलं.

आवाज परत आल्यावर त्याने एकट्याने अल्बम केला. अकराच्या अकरा गाणी खोट्या मैत्रीवर. गंमत म्हणजे तो बऱ्यापैकी चालला. कार्यक्रम पुन्हा मिळू लागले. आणि त्यानंतर तो माझ्याकडे आला.

“मॅडम, लोक ती गाणी माझ्याबरोबर ओरडून म्हणतात. त्यांना बरं वाटतं. मी मात्र खाली उतरलो की रात्रभर जागा असतो.”

पहिल्या भेटीत मी झोप, दारू आणि जगणं नको वाटतं का, या तिन्हींची सरळ चौकशी करते. झोप गेलेली होती, दारू वाढलेली होती. तिसऱ्या प्रश्नावर त्याने थोडा विचार केला आणि ‘नाही’ म्हणाला. झोपेसाठी मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि दारूचं त्यांना आवर्जून सांगायला लावलं. ते काम त्यांनी केलं, माझ्याकडे राहिलं ते हे मित्रांचं.

इथे माझी एक चूक कबूल करायला हवी. पहिल्या दोन भेटी मी त्याचं ऐकून घेतलं आणि मान डोलावत राहिले. तो कहाणी सांगतोही सुरेख, शेवटी गाणी रचणारा माणूस. दुसऱ्या भेटीच्या शेवटी मी म्हणून गेले, “माणसं सावलीसारखी असतात, उजेड गेला की जातात.” तिसऱ्या भेटीला तो नवं गाणं घेऊन आला. मुखडा माझ्या वाक्याचा होता! मला क्षणभर बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं की मी समुपदेशन करत नव्हते, कोरसमध्ये उभी होते.

सांत्वन करणारी माणसं नेमकं हेच करतात. “सोड रे, लायकीच नव्हती त्यांची,” म्हणतात. ऐकणाऱ्याला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण तीच गोष्ट तो पुन्हा पुन्हा उगाळतो, आणि उगाळण्याने दुःख पातळ होत नाही, लांबतं. मानसशास्त्रात यावर बराच अभ्यास झाला आहे. गायकाच्या बाबतीत तर उगाळणं हा व्यवसायच झाला होता. आठवड्यातून तीन रात्री, मोठ्या आवाजात, दिव्यांसकट.

त्या दिवशी मी त्याची वही मागून घेतली आणि आम्ही अकरा गाणी शब्दाशब्दाने वाचली. खंजीर सहा वेळा आला. मुखवटा चार वेळा. साप, आरसा, वाळवी. आणि सगळीकडे ‘तू’. “तू हसलास”, “तू वळलास”, “तू विकलंस”. मी विचारलं, “हा तू कोण?”

“सगळेच.”

“बरं. या तिसऱ्या गाण्यात खंजीर खुपसलाय. म्हणजे नेमकं काय केलं त्याने? कोणत्या दिवशी?”

तो चिडला. “कवितेचा पंचनामा करताय का?”

मी हो म्हटलं. गाण्याला रूपक लागतंच, त्यावर ते उभं राहतं. पण स्वतःच्या आयुष्याबद्दल आपण रूपकातच विचार करू लागलो की पंचाईत होते. खंजिराला तारीख नसते. त्याची बाजू ऐकता येत नाही, त्याला माफी मागता येत नाही.

म्हणून त्याला एक काम दिलं. चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, साध्या वाक्यांत लिहायचं: काय घडलं आणि मला काय वाटलं. दोन्ही. खंजीर, साप, मुखवटा यांना बंदी. ही माझी युक्ती नव्हे. १९८६ साली पेनेबेकर आणि बील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं आपल्या क्लेशदायक अनुभवांवर लिहायला लावलं. कुणी फक्त घटना लिहिल्या, कुणी फक्त भावना, कुणी दोन्ही. पुढच्या महिन्यांत ज्यांना दवाखान्यात कमी जावं लागलं, ते दोन्ही लिहिणारे होते. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत परिणाम इतका ठळक दिसला नाही, आणि ताज्या जखमेवर हे करू नये असं माझंही मत आहे. पण गायकाचा प्रश्न नेमका हाच होता. भावना अकरा गाण्यांभर होती, घटना एकही नव्हती.

तो चार पानं घेऊन आला. तिसऱ्या गाण्यातल्या खंजिराचं साध्या भाषेत असं झालं होतं: “ड्रमरने दुसऱ्या बँडबरोबर दौरा घेतला. मला त्याने सांगितलं नाही. पोस्टरवरून कळलं.”

“तुम्ही तेव्हा काय करत होतात?”

“मौनात होतो.”

“मग त्याने कसं सांगायचं?”

“मेसेज करायचा.”

मी म्हटलं, बघू या. त्याने फोन काढला आणि ड्रमरशी झालेल्या संदेशांचा पडदा मागे सरकवत नेला. मला तो पडदा अजून डोळ्यांसमोर दिसतो. डावीकडे एकाखाली एक चौकोन: कसा आहेस, डॉक्टर काय म्हणाले, येऊ का, बोलू नकोस नुसता बसतो, अरे रिप्लाय तरी कर, एक दौरा आलाय घेऊ का, घेतो मग. उजवीकडे, जिथे गायकाची उत्तरं असायला हवीत, तिथे दोन महिन्यांत एक अंगठा. बाकी पांढरं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मी वाचले नव्हते हे. म्हणजे वाचले होते.”

याचा अर्थ चूक त्याचीच होती, असा कृपा करून काढू नका. आवाज गेलेला गायक फोनला उत्तर देत नाही, यात नवल ते काय? लाज वाटते माणसाला. पडत्या काळात आपण स्वतःच दार लोटून घेतो आणि काही महिन्यांनी आतून म्हणतो, कुणी फिरकलंच नाही. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिल्या भेटीतच विचारते: शेवटचा फोन कुणाचा आला होता, आणि तो उचलला होता का?

सगळी पानं मात्र अशी निघाली नाहीत. मॅनेजरचं पान वाचल्यावर मीही गप्प झाले. आगाऊ घेतलेले पैसे, दाखवलेला खर्च आणि प्रत्यक्षातला खर्च यांत ढळढळीत अंतर होतं, आणि विचारल्यावर धमकी मिळाली होती. याला मैत्रीतला दुरावा म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. त्यासाठी समुपदेशक नको, वकील हवा. मी तसं सांगितलं. गमतीचा भाग असा की मॅनेजरवर त्याने एकही गाणं केलेलं नव्हतं. ज्याने खरंच लुबाडलं त्याच्याबद्दल तो दोन वाक्यांत मोकळा झाला होता, अकरा गाणी होती ती ज्यांच्यावर जीव होता त्यांच्यावर.

ग्रीनरूममधल्या त्या पन्नास जणांबद्दल मी फारसं बोलूच दिलं नाही. ते मंचापाशी आले होते, मंच गेल्यावर गेले. कामापुरती सोबत ही वाईट गोष्ट नाही, आपण तिला मैत्रीचं नाव दिलं की नंतर तिचा हिशेब जुळत नाही, एवढंच.

या धंद्यातले लोक उदाहरणं त्यांच्याच दैवतांची देतात. एकदा तो म्हणाला, “लेननने पॉलवर गाणं केलंच ना?” बीटल्समधल्या जॉन लेननने आपला जुना जोडीदार पॉल मॅकार्टनीवर ते केलं होतं, १९७१ मध्ये, आणि चांगलंच झोंबणारं. पण त्याच लेननने १९८० मधल्या मुलाखतीत सांगितलं की पॉलबद्दलची चीड आपण गाणं करायला वापरली, प्रत्यक्षात तेव्हा आपल्याला तेवढं विखारी वाटत नव्हतं. हे ऐकून गायक खूश झाला नाही. मग त्याने गिटारवादक डेव्ह मस्टेनचं उदाहरण काढलं. त्याला १९८३ मध्ये मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल बँडने पहिला अल्बम निघायच्या आधी काढून टाकलं आणि न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाच्या बसमध्ये बसवून दिलं. त्याने मेगाडेथ हा स्वतःचा बँड काढला, लाखोंनी अल्बम विकले, आणि तरी २००४ च्या मेटॅलिकावरच्या माहितीपटात तो त्यांच्या ड्रमरसमोर, लार्स उलरिकसमोर, बसून ते जुनंच दुखणं सांगताना दिसतो. “म्हणजे यश आलं तरी जात नाही, बघा!” गायक म्हणाला. बरोबर आहे. यशाने ते जात नसतं. (त्याच माहितीपटात बँडने नेमलेला एक मार्गदर्शकही आहे. तो स्वतःला बँडमधलाच समजू लागलाय की काय, अशी शंका शेवटी सदस्य बोलून दाखवतात. सावलीच्या मुखड्यानंतर तो भाग मला जरा जास्तच लागतो.)

मी मस्टेनच्याच गोष्टीतला एक तपशील पुढे केला. ज्या अल्बमआधी त्याला काढलं, त्यातल्या चार गाण्यांखाली लेखक म्हणून त्याचं नाव आहे. माणूस काढला, नाव नाही काढलं.

गायकाने माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे नजर वळवली. नंतर सहज बोलल्यासारखं म्हणाला, “आमच्या त्या हिट गाण्याचा रिफ, ती सारखी परत येणारी धून, बेसिस्टचा आहे.”

“आणि क्रेडिट?”

“शब्द आणि चाल, दोन्ही माझ्या नावावर. तेव्हा नोंदणीचा फॉर्म मीच भरला होता. रात्री दोन वाजता. कुणी काही म्हणालं नाही.”

बँडमध्ये भांडणं बाईवरून आणि अहंकारावरून होतात असं बाहेरच्यांना वाटतं. बरीचशी होतात ती या फॉर्मवरून. गाणं कुठेही वाजलं की रचनेची रॉयल्टी मिळते ती नोंदलेल्या गीतकार-संगीतकारांना, नुसतं वाजवणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. हिट गाण्यावर एकाचा वर्षभराचा खर्च निघतो आणि शेजारी उभं राहून तेच गाणं वाजवणारा पुढच्या कार्यक्रमाची वाट पाहत बसतो. बेसिस्ट “आधीच दुरावला होता” असं गायकाने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. का दुरावला, हे ना त्याने सांगितलं, ना मी विचारलं. ही माझी दुसरी चूक.

“त्यानेही गाणं केलं असेल का हो माझ्यावर?” त्याने विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

त्याला वाटत होतं, आता फोन करून मनमोकळं बोलावं. मी थांबवलं. मनमोकळं बोलून तुम्हाला हलकं वाटेल, त्याला काय मिळेल? ज्याचं देणं आहे त्याला आधी ते द्यावं, मग बोलायचं की नाही ते त्याला ठरवू द्यावं. ड्रमरच्या बाबतीत उलट. तिथे देणं काहीच नव्हतं, फक्त उजवीकडचा पांढरा भाग भरायचा होता. त्याने तिथे बसल्या बसल्या लिहिलं: “तुझे सगळे मेसेज आज वाचले. उशीर झाला.” ड्रमरचं उत्तर आमची भेट संपायच्या आत आलं. त्यात एक शिवी होती आणि शनिवारी कुठे वाजवतोय त्याचा पत्ता होता.

बेसिस्टला कागद गेले, रचनेत अर्धा वाटा, मागच्या वर्षांच्या रकमेसकट. तीन आठवडे काही नाही. मग सही केलेले कागद परत आले. सोबत चिठ्ठी नाही, फोन नाही. गायक कागद घेऊन माझ्यासमोर बसला होता. शेवटच्या पानावर बेसिस्टने फक्त एक दुरुस्ती केली होती: गायकाने कागदात रिफचा सूर चुकीचा लिहिला होता, तो खोडून वर बरोबर लिहिला होता.

“याचा अर्थ काय लावायचा?” त्याने विचारलं.

“मला संगीतातलं कळत नाही,” मी म्हटलं.

तो हसला, पहिल्यांदाच. त्याने तो कागद घडी न घालता, वहीत सपाट ठेवला.