कासच्या फोटोंवरून थोडं बोलतो

तू पाठवलेले कासचे फोटो पाहिले. तेरडा गुलाबी असतो, मान्य. पण तुझा रंगपंचमी खेळून आल्यासारखा दिसतोय! आणि झूम करून डोंगराची कड बघ, पांढरी झालर आलीय. एडिट करताना क्लॅरिटी (कडा उठावदार करणारा स्लायडर) शेवटपर्यंत ओढली की असं होतं.

एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करणं) म्हणजे फसवणूक, असं आमच्यातले काही जण म्हणतात. मला नाही पटत. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकातच समुद्राची एक नि आकाशाची एक अशा दोन निगेटिव्ह जोडल्या होत्या. प्रश्न गरजेचा आहे. संगम माहुलीला देवळाच्या मंडपातून बाहेरचं ऊन टिपायला गेलास, तर एका क्लिकमध्ये एकतर खांब काळेकुट्ट, नाहीतर बाहेरचं सगळं पांढरंफटक. तिथे ट्रायपॉड लाव, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि ॲपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ ८ वर कायम ठेव आणि फक्त शटरचा वेळ बदलत -२, ०, +२ असे, म्हणजे एक गडद, एक नेहमीचा, एक उजळ, तीन फोटो घे नि ते जोड.

कासला मात्र हे नको. वाऱ्याने फुलं हलतात, प्रत्येक फोटोत जागा बदलते आणि जोडल्यावर एकाची दोन दिसतात. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) एकच घे, ढग जळून पांढरेफटक होऊ देऊ नकोस. सावल्या नंतर उचलता येतात.

एडिट झालं की लगेच टाकू नकोस. चहा पिऊन ये, मग बघ. बहुतेक वेळा स्लायडर निम्म्यावर येतो. मी अजिंक्यताऱ्यावरचा सूर्यास्त असाच रंगवला होता. आई म्हणाली, "कुठं आग लागली होती रे?"