दीड वर्षाचा लॅपटॉप बदलावा का?

प्रश्न : राळेगाव तालुक्यातील (जि. यवतमाळ) एका गावात माझे सेवा केंद्र आहे. दीड वर्षापूर्वी घेतलेला माझा ८ जीबी रॅमचा लॅपटॉप एप्रिलपासून फार संथ चालतो. दुपारी तर सातबारा उघडायलाही वाट पाहावी लागते. हा परत देऊन वर ३०,००० रुपये भरा आणि १६ जीबीचा नवा न्या, असे दुकानदार म्हणतात. खरिपाच्या पीकविम्याचे अर्ज तोंडावर आले आहेत. काय करावे?

उत्तर : आपण लिहिलेले ‘एप्रिलपासून’ आणि ‘दुपारी’ हे दोन शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. केवळ रॅम अपुरी असती, तर तेच काम करताना लॅपटॉप जानेवारीतही आणि सकाळीही अडला असता. म्हणून माझा पहिला संशय उष्णतेवर आहे, आणि तो फिटेपर्यंत आपण पैसे भरू नयेत.

बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरण्यासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि टिनाच्या छताखाली उकाडा त्याहून वाढतो. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवतो. त्यात कापूस वेचणीच्या दिवसांत उडणारे तंतू आणि धूळ पंख्यापुढच्या बारीक पात्यांत अडकून बसली असेल, तर आतली गरम हवा बाहेर पडायला वाटच राहत नाही.

याची खात्री घरीच करता येते. सकाळी लवकर आणि भर दुपारी, तीच कामे उघडी ठेवून, कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये पाहा. दुपारी काम चालू असताना प्रोसेसरचा वेग तिथेच लिहिलेल्या ‘बेस स्पीड’च्या बराच खाली येत असेल, तर दोष उष्णतेचा आहे. मग लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रातून आतील सफाई करून घ्यावी. वॉरंटीची मुदत शिल्लक असल्यास लॅपटॉप बाहेर कुठेही उघडू देऊ नये. लॅपटॉप कडक, सपाट पृष्ठभागावर ठेवावा, आणि कूलरची हवा लागली तरी त्याचे तुषार लागणार नाहीत, एवढे अंतर राखावे.

तिथेच दिसणारी ‘मेमरी’, म्हणजे रॅमचा वापर, मात्र दोन्ही वेळा ९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर दुकानदारांचे निदान खरे आहे, पण त्यांचा उपाय तरीही महागाचा आहे. रॅमसाठी रिकामा स्लॉट असल्यास ८ जीबीची आणखी एक पट्टी बसवून काम भागते. ती घेताना आपल्या लॅपटॉपला डीडीआर-४ प्रकारची रॅम लागते की डीडीआर-५ प्रकारची, हे तपासावे, कारण एकीच्या जागी दुसरी बसत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच (आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर) पक्की जोडलेली असते, आणि केवळ तशा वेळीच बदलीचा विचार करावा लागतो.

विंडोज १० चा सपोर्ट (मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे कारण कोणी पुढे केल्यास घाबरू नये. आपला लॅपटॉप विंडोज ११ चालवण्याइतका निश्चितच नवा आहे.

तरीही तो परत द्यायचा ठरलाच, तर एक विनंती आहे. त्यात गावकऱ्यांच्या आधार कार्डांच्या आणि बँक पासबुकांच्या प्रती असतील, आणि फायली नुसत्या डिलीट केल्याने त्या खऱ्या अर्थाने जात नाहीत. लॅपटॉप दुकानात नेण्यापूर्वी ‘रीसेट’मधून सर्व काही काढून टाकण्याचा आणि त्यासोबत ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडावा, आणि हे काम दुकानदारांवर न सोपवता स्वतः बसून पूर्ण करावे.